सलाफहादाच्या मुली आणि हक्कसोडपत्र

बारामती-इंदापूरकडच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत नवं वर्ष पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानाने सुरू होतं. एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपते, वर्षाचं वचन छापलेलं कार्ड हातात पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला जातो. हिशोब सोपा आहे. सहासष्ट पुस्तकांचे मिळून ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षभरात सगळं शास्त्र वाचून होतं. उत्पत्ती गोष्टींच्या ओढीने सरते, निर्गमही अर्ध्यापर्यंत तसंच जातं. मग निवासमंडपाची मापं लागतात, लेवीयातली अर्पणं लागतात, आणि बऱ्याच जणांचं वाचन तिथे थांबतं. कोणी स्तोत्रसंहितेकडे वळतं, कोणी मोबाइलवर रोज येणाऱ्या एका वचनावर भागवतं.

जे थांबत नाहीत, ते फेब्रुवारीच्या मध्याला गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायाशी येऊन पोचतात. आपल्या भागातल्या जमीनवाल्या ख्रिस्ती घरासाठी हा वर्षातला फार अवघड दिवस आहे, असं मला वाटतं. बहुतेक घरांत तो काही न होता निघून जातो, हे त्याहून वाईट.

पुढच्या संवादातली आत्या आणि भाचा खऱ्या एका घरातली नाहीत. बऱ्याच घरांतून ऐकलेलं बोलणं मी या दोघांच्या तोंडी घातलं आहे. आत्या निवृत्त शिक्षिका, सासर बारामतीचं, माहेर इंदापूर तालुक्यातलं. भाचा तिच्या धाकट्या भावाचा मुलगा, एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला. वडिलार्जित जमिनीचा एक पट्टा पालखी मार्गाच्या रुंदीकरणात गेला आहे आणि मोबदला भावाच्या खात्यावर जमा झाला आहे. वाद मात्र जमिनीवरून सुरू झाला नाही. तो वाचनावरून सुरू झाला.

भाचा : आत्या, खरं सांगतो, मी रोजचं वाचन सोडलंय. सकाळी साडेपाचला बाबा वाचतात, आई वाचते, मीही वाचायचो. तीन अध्याय झाले की खूण पुढे सरकवायची, प्रार्थना करायची, कामाला लागायचं. संध्याकाळी विचारलं की सकाळी काय वाचलं, तर एकालाही सांगता येत नाही. मग आपण ऐकलं कुणाचं?

आत्या : मला सांगता येतं.

भाचा : तुला येतं, कारण तुझं पाठांतर चांगलं. पण याकोबाच्या पत्रातला तो आरशापुढून निघून गेलेला माणूस अडाणी होता असं कुठे म्हटलंय? त्यालाही त्या दिवशीचा अध्याय तोंडपाठ असेल.

आत्या : बरं. वाचन सोडून तू काय धरलंस?

भाचा : एक अध्याय धरला. लेवीय एकोणीस. हंगामात मी रोज फडावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि तिच्या नावाचा एक कागद कुठे नसतो. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका, असं त्या अध्यायात आहे. खोटी वजनं ठेवू नका, हेही त्याच अध्यायात आहे. काटा मारणं म्हणजे काय ते ऊसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. हे मी लहानपणापासून दरवर्षी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विसाव्या अध्यायावर गेलो. आता ठरवलंय, एक पाळून झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

आत्या : किती दिवस झाले?

भाचा : दोन हंगाम.

आत्या : म्हणजे दोन हंगामांत रूथ वाचली नाहीस. तिथेही कापणीच आहे. बवाजाने आपल्या गड्यांना बजावलं, या पोरीच्या अंगाला हात लावायचा नाही. तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसं टाका, म्हणाला. तुझ्या फडावर बिडाहून, नगरहून बाया येतात, पाचटाच्या कोप्यात राहतात, उजाडायच्या आत आडोसा शोधत फिरतात. त्यांना त्रास देऊ नका, असं गाडीवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला कोण बजावतं? लेवीय एकोणीसने तुला मजुरी दाखवली. बाईची भीती तुला रूथने दाखवली असती.

भाचा गप्प बसला, आणि त्याने गप्प बसावं असंच हे उत्तर आहे. एका अध्यायाला चिकटून राहणाऱ्या माणसाचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. पण तो अध्याय त्याने स्वतः निवडलेला असतो. आपल्याला आधीच ज्या गोष्टीची चीड आहे तीच आपण निवडतो. भाच्याला मुकादमाची चीड होती. स्वतःच्या खात्यातल्या माणसांकडे बघायला लावणारा अध्याय त्याच्या यादीत आलाच नव्हता.

तरी त्याची बाजू एवढ्याने पडत नाही.

भाचा : रेव्हरंड टिळकांचं तूच सांगतेस ना? १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. रोजचे तीन अध्याय उरकून ते पुढे गेले असते, तर आपल्याला टिळक मिळाले असते का?

आत्या : प्रवचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. पहिल्या अध्यायाच्या सुरुवातीला नुसती वंशावळ. वंशावळ ओलांडून गेले म्हणून ते पाचव्याशी पोचले. थांबू नये, असं मी कुठे म्हणते? जिथे थांबायचं ते आधीपासून ठाऊक नसतं, एवढंच म्हणते. त्यांनाही गाडीत बसताना ठाऊक नव्हतं.

भाचा : आणि मिशनचं काय? ऑस्ट्रेलियाहून चर्चेस ऑफ ख्राईस्टची माणसं बारामतीत येऊन राहिली. साठच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा चर्चच्या मदतीतून आलेलं धान्य मजुरी म्हणून देऊन गावोगावी पाझर तलाव झाले. आजही जुनी माणसं सांगतात, शरद पवारही सांगतात. तलावाच्या भरावावर मातीची पाटी टाकणाऱ्याला कोणी अध्याय विचारला का? पाणी जिरलं, विहिरींना लागलं. मला शास्त्र पाळणं म्हणजे ते वाटतं.

आत्या : पाटी टाकणाऱ्याला नाही विचारलं. पण परक्या देशातून या फुफाट्यात येऊन जन्म काढायचं ज्यांनी ठरवलं, त्यांच्या मनात ते कुठून आलं? तलाव दिसतो, त्याआधीचं वाचन दिसत नाही. केडगावला बघ. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या पोरी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये उचलून आणल्या, हे सगळे सांगतात. त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून शेवटपर्यंत शास्त्राचं मराठी करत बसल्या होत्या. १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. एका बाजूला उपाशी पोरी आणि दुसऱ्या बाजूला हिब्रूचं व्याकरण, अशी वाटणी त्या बाईने केली नाही. तू का करतोस?

इथवर आत्या सरस ठरते. मी हा वाद इथेच सोडला असता, तर वाचकाला वाटलं असतं की दररोज नेमाने वाचणाऱ्याचं आपोआप बरं होतं. तसं होत नाही. भाच्याच्या पुढच्या प्रश्नाने ते उघडं पडलं.

भाचा : मग एक विचारतो, रागावू नकोस. उद्या तुझ्या वाचनाच्या तक्त्यात काय आहे?

आत्या : गणना. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.

भाचा : सत्ताविसाव्यात सलाफहादाच्या मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी बसलेली असताना पाच बहिणी निवासमंडपाच्या दारात उभ्या राहून म्हणतात, आमच्या बापाच्या भाऊबंदांत आम्हांला वतन द्या. मोशेला उत्तर सुचत नाही, तो देवाकडे जातो, आणि देव म्हणतो, मुलींचं म्हणणं रास्त आहे. हा अध्याय तू दरवर्षी वाचतेस. आजोबा गेल्यावर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केलीस, त्या वर्षीही वाचला असशील. त्या दिवशी तो अध्याय कुठे होता?

आत्या : त्यांना भाऊ नव्हता. मला आहे. मुलगा नसेल तर वतन मुलीला जावं, एवढंच त्यात ठरलंय. तू अर्धवट वाचतोस म्हणून तुला ते माझ्यावर लागू वाटतं.

भाचा : बरं, शास्त्र राहू दे. कायदा? आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता बाप गेला, तर विधवेचा तिसरा हिस्सा काढून उरलेलं सगळ्या मुलामुलींना सारखं. हिंदू शेजाऱ्यांच्या मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये. ख्रिस्ती मुलीला तो बापाच्या मागे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि तरी आपल्या मंडळीत किती बहिणींची नावं सातबाऱ्यावर राहिली?

आत्या : नाव लावलं की माहेर तुटतं. मला साडी नेसवून ओवाळून पाठवलं असतं की वाटणी मागणारी म्हणून दार लावलं असतं, हे तुला बाप्याला काय कळणार? आणि मी लूक बारावा वाचूनच सही केली. एक माणूस प्रभूला म्हणाला, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू म्हणाला, मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं, आणि लोभापासून सांभाळा असं सांगितलं. मी ते मनाला लावून घेतलं.

भाचा : तू लावून घेतलंस. बाबांनी काय लावून घेतलं? लोभाचं वचन ज्याच्या हातात काही नव्हतं तिने घेतलं, आणि ज्याच्या हातात सगळं आलं त्याने तो अध्याय वाचून खूण सरकवली. दोघांनी एकाच सकाळी एकच पान वाचलं असेल.

रोजच्या वाचनाविरुद्ध याहून कडक आरोप मी ऐकलेला नाही, आणि तो खरा आहे. आपल्या घरांत सगळे मिळून वाचतात, पण प्रत्येक जण आपल्या सोयीची ओळ घेऊन उठतो. सोशीक माणूस सोसण्याची ओळ घेतो, घेणारा आशीर्वादाची घेतो. नहेम्याच्या पुस्तकात एज्राने भल्या सकाळपासून दुपारपर्यंत लोकांपुढे नियमशास्त्र वाचल्याचा आठवा अध्याय आपल्याकडे शास्त्राच्या रविवारी हमखास घेतात. त्याआधी तीन अध्याय काय घडलं, ते मात्र क्वचितच घेतात. पाचव्या अध्यायात लोक रडत येतात, दुष्काळात धान्यासाठी आमची शेतं आमच्याच भावांनी गहाण ठेवून घेतली म्हणतात, आणि नहेम्या सरदारांना त्याच दिवशी शेतं आणि द्राक्षमळे परत करायला लावतो. आधी शेतं परत झाली, मग मोठ्याने वाचन झालं. हा क्रम पाळकांनी उपदेशात घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

पण संवाद अजून संपलेला नाही. भाच्याकडे आणखी पुरावा नव्हता. सलाफहादाच्या मुलींना भाऊ नव्हता, या उत्तरावर तो अडला होता. त्याला सोडवलं ते आत्याने.

आत्या : तुला ईयोबाचा शेवट आठवतो?

भाचा : गेलेलं सगळं दुप्पट मिळालं.

आत्या : त्याच्या पुढचं. बेचाळिसाव्या अध्यायात. त्याला सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. मुलग्यांची नावं दिलेली नाहीत, मुलींची दिली आहेत. आणि बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. भाऊ असताना. तिथे कोणाचा नियम नव्हता, कोणी दारात उभं राहिलं नव्हतं. ज्याचं सगळं एकदा गेलं होतं, त्याने आपण होऊन दिलं.

भाचा : हे तुला माहीत होतं?

आत्या : दरवर्षी मेच्या शेवटी येतं. शाळेला सुट्टी असायची, निवांत वाचायची मी. माझ्या बाजूचं म्हणून कधी वाचलं नाही, इतकंच. तुझ्या बापाला वाचून दाखवावं असं कधी वाटलं नाही.

भाचा : मग मी म्हणतो ते खोटं कसं? वाचून काही झालं नाही.

आत्या : आणि मी वाचलं नसतं, तर आज तुला सांगितलं कोणी असतं? तू सत्ताविसाव्याशी अडून बसला होतास. आणखी एक सांगते. त्या पाच जणींना देवाने हो म्हटलं, पण जमीन तिथे मिळालेली नाही. छत्तिसाव्या अध्यायात भाऊबंद येऊन कुरकुरतात, या पोरी दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीन तिकडे जाईल. आपल्याकडे म्हणतात तेच. तेव्हा त्यांच्यावर लग्नाचं बंधन आलं, पण वतन काढून घेतलं नाही. मग मोशे मेला. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्या पुन्हा याजकापुढे आणि यहोशवापुढे गेल्या, म्हणाल्या, परमेश्वराने मोशेला सांगितलं होतं. तेव्हा कुठे जमीन मोजून दिली. जो गणनात थांबला त्याला वाटतं काम झालं. झालं नव्हतं. पुन्हा जाऊन मागावं लागलं.

माझं मत आता सांगून टाकतो. भाच्याने सोडलेलं वाचन त्याने पुन्हा धरावं आणि पहिल्यापासून ओळीने धरावं, कारण आपल्या फायद्याआड येणारा अध्याय माणूस आपण होऊन उघडत नाही. तो तक्त्यात आला तरच समोर येतो. आणि आत्याने एकटीने वाचणं थांबवावं. घरातल्या ज्या माणसावर तो अध्याय बोट ठेवतो, त्याच्यासमोर आणि ज्याचं घेणं आहे त्याच्याही कानावर पडेल असा तो वाचला जावा. वाचून झाल्यावर प्रार्थनेआधी कोणीतरी, मग ते घरातलं लेकरू का असेना, विचारावं की या अध्यायाप्रमाणे आपलं कोणाला देणं लागतं का. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला जाणाऱ्या घराला हे विचारणं जड वाटू नये. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने सांगितलं आहे, आणि त्यात बहीणही येते.

भाचा : मग हक्कसोडपत्राचं काय करायचं?

आत्या : सही माझी आहे, ती मी नाकारणार नाही. जमीन तुझ्या बापाने कसली, विहीर त्याने पाडली, ते त्याचं. पण रस्त्याचे पैसे कसून आलेले नाहीत. ते माझ्या बापाच्या मातीचे आले. त्यातलं काय द्यायचं ते त्याने ठरवावं. मला नकोच असतील, तर मी नको म्हणेन. पण विचारायला तर हवं. आणि तुझ्या बहिणीकडून पुढे सही घ्यायची नाही. तिचं नाव लागू दे.

भाचा : मी आज रात्रीच बाबांशी बोलतो.

आत्या : तू बोलू नकोस. तुझा बाप तक्ता चुकवत नाही. उद्या सत्तावीस आहे, तोच वाचेल. तू पुन्हा त्याच्याशेजारी जाऊन बस, आणि बहिणीला फोन लावून ठेव. वाचून झालं की विचार, बाबा, आपल्या घरात या पाच जणींसारखं कोणी आहे का.

भाचा : आणि त्यांनी खूण सरकवून पुस्तक मिटलं तर?

आत्या : तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात यहोशवा सतरा येतो. तेव्हा परत विचार. त्याही दिवशी मिटलं, तर मेअखेरीस ईयोब आहे. त्या दिवशी मी स्वतः इंदापूरला येते.